गोष्ट पटते कशी? साहित्यातल्या संज्ञा आणि मन वळवण्याच्या युक्त्या, एका मानशीच्या गोष्टीवरून

मांडवीपार

शालेय कथाकथनाची तयारी करून घेणाऱ्यांना एक अडचण नेहमी येते. मुलांना संज्ञांच्या व्याख्या तोंडपाठ असतात. रूपक म्हणजे काय विचारलं की उपमेय-उपमानासकट उत्तर मिळतं. पण गोष्ट बांधायला बसलं की त्यातलं काहीच हाताशी येत नाही, आणि शेवटी ‘म्हणून मित्रांनो, आपण निसर्गाचं रक्षण केलं पाहिजे’ हे वाक्य ठरलेलं असतं. त्या वाक्याला परीक्षकाचं लक्ष उडालेलं असतं.

म्हणून या धाग्यावर एकच गोष्ट घेऊ आणि एकेक संज्ञा तिला लावून पाहू. कच्चा माल गोव्याचा: खाजनाचं शेत (खाडीकाठची, बांध घालून राखलेली सखल जमीन), त्याचा बांध, बांधातली मानस, म्हणजे खाडीचं पाणी आत-बाहेर सोडणारं दार. पावणीत (लिलावात) मानस घेतलेल्याला मासळी हवी. शेत कसणारीला भात हवं. अमावास्येच्या उधाणाला दार उघडं राहतं आणि खारं पाणी भातात शिरतं. वेळ सहा मिनिटं. ऐकणाऱ्याला पटलं पाहिजे.

प्रश्न तीन. कथा आणि कथानक यांतला फरक कसा दाखवायचा? निवेदक कोण ठेवावा? बोध सांगायचा की नाही, आणि सांगायचा तर कुठे?

कुळागर

संज्ञांच्या आधी मानस नीट समजून घ्या, नाहीतर गोष्ट पहिल्याच मिनिटाला कोसळेल.

मानशीचं दार माणसाने रोज उघडायचं-लावायचं नसतं. ओहोटीला शेतातलं पाणी दार बाहेर ढकलतं आणि खाडीत जातं. भरतीला खाडीचं पाणी तेच दार लोटून बंद करतं. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तासांचं अंतर असतं, त्यामुळे हे चक्र दिवस-रात्र चालू राहतं. मासळी धरायची ती ओहोटीला, बाहेर जाणाऱ्या पाण्यात तोंडाशी जाळं लावून. तेव्हा ‘दार उघडं राहतं’ हे वाक्य चुकीचं आहे. ते आपणहून उघडं राहूच शकत नाही. भरतीच्या पाण्याबरोबर मासळी, सुंगटं (कोळंबी) जास्त आत यावीत म्हणून कुणीतरी ते अडकवून ठेवावं लागतं.

दुसरं, महिना. आषाढात पाऊस धो धो असताना खाडीचं पाणी बरंच गोडं झालेलं असतं. त्या दिवसांत शेत खारावल्याचं सांगितलं तर शेती जाणणारा श्रोता तिथेच तुटेल. सर्वपित्री अमावास्या घ्या. पाऊस ओसरलेला, भात फुलोऱ्याला आलेलं, आणि फुलोऱ्यात भाताला खारं पाणी अजिबात सोसत नाही. कोरगुटासारखं, एरवी खार सोसणारं खाजनाचं भातही या वेळी मार खातं.

ओवीकार

कुळागर यांनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलंच आहे, फक्त संज्ञा वापरली नाही.

‘दार उघडं राहिलं, मग शेत खारावलं’ हा नुसता घटनाक्रम, म्हणजे कथा. ‘जास्त मासळीसाठी त्याने दाराला पाचर मारली, म्हणून शेत खारावलं’ हे कथानक. फरक ‘मग’ आणि ‘म्हणून’चा. मुलांकडून गोष्टीतल्या घटना वेगवेगळ्या कागदांवर लिहून घ्या आणि दोन कागदांच्या मध्ये ‘म्हणून’ किंवा ‘पण’ बसतो का ते बघायला सांगा. ‘मग’ शिवाय काही बसत नसेल तर तिथे सांधा नाही. त्या जागी एकतर कारण शोधायचं, नाहीतर घटना काढून टाकायची. सहा मिनिटांच्या गोष्टीत पाचापेक्षा जास्त कागद होऊ देऊ नका.

कथाबीज त्याहून लहान. ते एका वाक्यात मावतं: ‘पाण्याने आपणहून लावलेलं दार माणूस उघडं धरून ठेवतो.’ यात पात्रांची नावं नाहीत, गाव नाही. आणि आशय म्हणजे या सगळ्यातून जे हाती लागतं ते: सामाईक गोष्ट एकाने आपल्या सोयीने वापरली की तोटा दुसऱ्याच्या शेतात जातो. आशय गोष्टीत वाक्य म्हणून येण्याची गरज नाही. तो शिक्षकाच्या वहीत असावा, म्हणजे कोणती घटना ठेवायची आणि कोणती गाळायची हे ठरवता येतं.

संघर्ष म्हणजे भांडण नव्हे. दोन इच्छा एकाच दारातून जाऊ पाहतात, तो संघर्ष. इथे तर दारही खरंखुरं आहे! उत्कर्षबिंदू शेतात पाणी शिरल्यावर नाही. ज्या क्षणी तिला पाचर सापडते आणि ती ठोकणारा समोर उभा असतो, तिथे आहे. पाणी शिरणं ही फक्त आपत्ती झाली. उत्कर्षबिंदूला कुणालातरी निवड करावी लागते.

रंगपीठ

निवेदकाबद्दल.

तीन पर्याय आहेत. शेतकरणीच्या तोंडून प्रथमपुरुषी सांगितलं तर जवळीक मिळते, पण पाचर कुणी मारली हे तिला ठाऊक नसल्यामुळे गोष्ट रहस्याकडे झुकते. सर्वसाक्षी तृतीयपुरुषी निवेदक सगळं जाणतो. रात्री मानशीवर काय चाललंय तेही दाखवू शकतो आणि घरात दिवा मालवून झोपलेलीलाही. तिसरा पर्याय मर्यादित तृतीयपुरुषी: ‘ती’ म्हणायचं, पण तिला जेवढं दिसतं-कळतं तेवढंच सांगायचं.

या गोष्टीला सर्वसाक्षी निवेदक बरा, कारण त्यामुळे नाट्यात्म उपरोध साधतो. पाचर ठोकलेली श्रोत्याला दिसलेली आहे, तिला नाही. ती सकाळच्या वडेघाटल्याची तयारी करते, पितरांचा वाटा काढायचा विचार करते, आणि श्रोता मनात म्हणत असतो, बाई, आधी मानशीवर जा. हा ताण दोन मिनिटं टिकवता आला तर मुलाला आवाज चढवावा लागत नाही.

एक चूक टाळा: अर्ध्या गोष्टीत निवेदक बदलणं. ‘ती उठली’ म्हणता म्हणता ‘मला वाटलं’ असं मुलं सहज म्हणून जातात. पाठांतर करून घेताना फक्त सर्वनामांवर लक्ष ठेवून एक वाचन वेगळं करा.

आणि मानसवाल्याला खलनायक करू नका. पेडण्याकडचा दशावतार पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. तिथे राक्षसाच्या तोंडी कच्चे मुद्दे नसतात. तो देवालाही पेचात पकडतो. संवाद बहुतेक उत्स्फूर्त असतात, तरी सवाल-जवाबात दोन्ही बाजूंना धार असते. इथल्या मानसवाल्याने पावणीत पैसे गुंतवलेत, मुदत संपत आली आहे, जाळ्यात दोन दिवस काही लागलेलं नाही. हे सगळं त्याच्याच तोंडून पूर्ण दोन वाक्यांत येऊ द्या. समोरची बाजू दुबळी करून जिंकलेलं श्रोत्याला जिंकलेलं वाटत नाही.

नवशिकी

रूपक आणि प्रतीक यांत दरवेळी गोंधळ होतो. बांध हे रूपक की प्रतीक?

ओवीकार

बांध एकटा दोन्ही नाही. बांध हा बांधच. तुम्ही त्याला वाक्यात कसं ठेवता यावर ठरतं.

‘बांध म्हाताऱ्याच्या पाठीसारखा वाकला होता.’ ही उपमा. चारही अंगं मोजता येतात: बांध उपमेय, पाठ उपमान, वाकणं साधारण धर्म, ‘सारखा’ साम्यवाचक शब्द. ‘बांध वाकला होता, जणू म्हाताऱ्याची पाठच.’ ही उत्प्रेक्षा, कारण ‘जणू’ने कल्पना केली. ‘बांध ही गावाची पाठ.’ हे रूपक. दोन गोष्टींतला भेदच काढून टाकला. ‘खाडी रात्रभर दार ठोठावत होती.’ ही चेतनागुणोक्ती. शाळेत हे अलंकार वेगवेगळ्या दिवशी शिकवतात, म्हणून एकच बांध सगळ्यांतून फिरवून दाखवला की मुलांना लगेच फरक दिसतो.

हे चारही एका वाक्यात घडतात. प्रतीक एका वाक्यात घडत नाही. एखादी वस्तू गोष्टीत पुन्हा पुन्हा येते, दरवेळी थोडा जास्त अर्थ गोळा करते आणि शेवटी स्वतःपेक्षा मोठं काही सुचवू लागते, तेव्हा ती प्रतीक होते. इथे ती जागा पाचरीची आहे. पहिल्या मिनिटाला मानशीच्या कडेला पडलेला लाकडाचा तुकडा, कुणी बसायला घेतलेला. तेव्हा त्याचं काही महत्त्व दाखवायचं नाही, हे पूर्वसूचन. तिसऱ्या मिनिटाला तोच दारात ठोकलेला. पाचव्या मिनिटाला तिच्या हातात. तीन वेळा, बस्स. चौथ्यांदा आणला तर श्रोत्याला लेखकाची खटपट दिसायला लागते.

उपमांची रास कशी लावावी हे पाहायचं तर आपल्याकडे जुना नमुना आहे. राचोलला १६१६ साली छापलेल्या ख्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स यांनी मराठीची थोरवी सांगताना फुलांत मोगरी, परिमळांत कस्तुरी अशी उपमानं एकामागून एक मांडली आहेत. प्रत्येक उपमान श्रोत्याच्या ओळखीचं आणि उत्तम म्हणून आधीच मान्य असलेलं. मोगरी श्रेष्ठ हे ज्याला मान्य आहे त्याला पुढच्या विधानाला ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. स्तुतीसारखं दिसणारं हे मन वळवणंच आहे. आणि मुळातला इंग्रज माणूस सुमारे ११,००० ओव्यांचं पुराण लिहितो, म्हणजे श्रोत्यांच्या कानाला सवयीचा असलेला घाटच तो उचलतो. नवं सांगायचं असेल तर साचा ओळखीचा ठेवावा, हे त्यातून घेण्यासारखं आहे.

आता शब्दशक्ती, थोडक्यात. ‘गावाने तोंड फिरवलं’ यात गावाला तोंड नसतं, मूळ अर्थ अडतो आणि आपण ‘गावची माणसं’ असा अर्थ घेतो, ही लक्षणा. समजा गोष्टीत एक म्हातारी आणि तिचा नातू आहे. ‘भरती लागली’ असं ती म्हातारी म्हणते तेव्हा मूळ अर्थ कुठेच अडत नाही, खरोखर भरती लागलेली असते. पण मानसवाल्याला त्यात इशारा ऐकू येतो, पोराला घरी जायची वेळ, शेतकरणीला धोका. ही व्यंजना. काव्यशास्त्रात यासाठी ‘सूर्य मावळला’ हे वाक्य देतात. चोर, गुराखी, प्रियकर, प्रत्येकजण त्यातून वेगळं ऐकतो. कथाकथनात व्यंजनेसारखं स्वस्त आणि मोलाचं साधन नाही. एक साधं वाक्य, तीन पात्रांच्या समोर.

रंगपीठ

याला जोडून सगळ्यात जास्त होणारी चूक सांगतो. भावाचं नाव घेणं.

‘ती फार दुःखी झाली. तिला खूप राग आला. शेतात खारं पाणी शिरलं होतं.’ मुलांच्या संहितेत हे हमखास असतं. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने काव्यप्रकाशात रसदोष सांगताना हाच पहिला धरला आहे: रस किंवा भाव त्यांच्या स्वतःच्या नावाने सांगणं. ‘दुःखी’ या शब्दाने कुणाला दुःख होत नाही.

तोच प्रसंग असा करून पाहा (कुणगा म्हणजे शेताचा एक तुकडा):

‘ती कुणग्यात उतरली. पाणी घोट्याला लागलं. वाकून ओंजळ भरली, जिभेला लावली, थुंकली. पलीकडच्या कुणग्यात गेली. तिथलंही चाखलं. तिसऱ्या कुणग्यात तिने ओंजळ भरली आणि तशीच सोडून दिली.’

आता नाट्यशास्त्रातलं भरताचं रससूत्र याला लावा: विभाव (भाव जागवणारं कारण), अनुभाव (भाव दाखवणारी कृती) आणि व्यभिचारी भाव (येऊन-जाऊन असणारे) एकत्र आले की मनातल्या स्थायी भावाचा रस होतो. खारावलेलं शेत हा आलंबन विभाव. अमावास्येचा काळोख आणि पाण्याचा आवाज हे उद्दीपन, म्हणजे भाव वाढवणारं. थुंकणं, ओंजळ सोडणं हे अनुभाव. पहिल्या ओंजळीला शंका, तिसरीला विषाद, हे व्यभिचारी भाव. स्थायी भाव शोक. त्यातला एकही शब्द उताऱ्यात नाही, तरी करुण उभा राहतो. तिसरी ओंजळ न चाखता सोडली तेव्हा खारट चव श्रोत्याच्या तोंडात येते, कारण ती चव आता त्यालाच पुरी करावी लागते.

तीनची रचनाही बघा. दोन वेळा तीच कृती, तिसऱ्यांदा मोड. एकदा केली तर प्रसंग वाटतो, दोनदा केली तर सवय, आणि मोडायला तिसरी लागते. चार कुणगे केले तर सभागृहात खोकले सुरू होतात.

टाळघोष

तिसऱ्या प्रश्नाला हात घालतो. ‘बोध सांगू नये’ असा सरसकट नियम करायला माझा विरोध आहे.

फोंड्याकडच्या देवळांत नारदीय कीर्तन ऐका. नमन झालं की कीर्तनकार मूळ अभंग घेतो आणि पूर्वरंगात त्याचं निरूपण करतो. म्हणजे बोध पहिल्यांदाच उघड सांगून टाकतो. मध्यंतरात नामघोष, हार-बुक्का. मग उत्तररंगात आख्यान, आणि आख्यान संपताना पुन्हा तोच अभंग. शेकडो वर्षं लोक हे ऐकून हलले आहेत. बोध आधी सांगितल्याने गोष्ट मरते असं असतं तर कीर्तन कधीच बंद पडलं असतं.

मम्मटाचंच पुढे घेऊ. उपदेशाचे प्रकार तीन: प्रभुसंमित, म्हणजे मालकाने हुकूम द्यावा तसा, सुहृत्संमित, मित्राने समजावावं तसा, आणि कान्तासंमित, प्रियेने रस लावून वळवावं तसा. काव्य तिसऱ्यात. शाळेतल्या गोष्टीचा ‘म्हणून मित्रांनो’ हा मित्राचं नाव घेऊन दिलेला मालकाचा हुकूम असतो, म्हणून तो बोचतो. दोष बोध सांगण्यात नाही, कुठल्या आवाजात सांगितला त्यात आहे.

कुळागर

पटतं, पण कीर्तनाला दोन तास असतात. पूर्वरंगात कीर्तनकार स्वतःच शंका काढतो, ‘तुम्ही म्हणाल महाराज, असं कसं?’ म्हणतो आणि तिचं निरसन करतो. सहा मिनिटांत निरूपणाला जागा कुठे?

टाळघोष

निरूपण नाही मावणार, अभंग मावतो. एक ओळ निवडा जी सुरुवातीला साधी माहिती वाटेल. समजा पहिल्या मिनिटाला म्हातारी नातवाला मानस दाखवते आणि म्हणते, ‘पाण्याला दार कळतं.’ तेव्हा तो फक्त दाराच्या यंत्रणेचा खुलासा असतो, आणि तो श्रोत्याला द्यायलाच हवा. शेवटी पाचर हातात घेऊन शेतकरीण मानसवाल्यासमोर उभी आहे. ती शिव्या देत नाही. ‘पाण्याला दार कळतं,’ एवढंच म्हणते. शब्द तेच, मधल्या पाच मिनिटांनी अर्थ भरला. आता ते बोधवाक्यही आहे आणि व्यंजनाही. वाक्याचा उरलेला अर्धा भाग, ‘माणसाला कळत नाही’, श्रोता स्वतः म्हणतो. स्वतः म्हटलेल्या वाक्याशी कुणी वाद घालत नाही.

मांडवीपार

हे फार मोलाचं आहे. आता मन वळवण्याच्या युक्त्यांबद्दल: ॲरिस्टॉटलची त्रयी मराठीत कशी सांगायची, आणि कुठल्या युक्त्या मुलांना शिकवूच नयेत?

ओवीकार

पत, भाव आणि तर्क असं म्हणा, मुलांना पटकन कळतं. पत म्हणजे सांगणारा विश्वासाचा वाटणं. ती मोठमोठ्या शब्दांनी येत नाही, नेमक्या तपशिलाने येते. दार कुठल्या बाजूला उघडतं, खेकडे बांधाला भोकं पाडतात म्हणून बांध कसा बघावा लागतो, हे सांगणाऱ्याचं पुढचंही खरं धरलं जातं. भाव वर आलाच. तर्क म्हणजे कारणाची साखळी: पाचर, भरती, खार, फुलोरा. तिन्हींपैकी एक गळालं तर गोष्ट लंगडते. नुसत्या भावाची गोष्ट ऐकून लोक हळहळतात आणि विसरतात. नुसत्या तर्काची गोष्ट वर्गातल्या धड्यासारखी होते.

शिकवू नयेत अशांपैकी पहिली खोटी निवड. ‘मासळी हवी की भात?’ असा प्रश्न टाळ्या घेतो, पण तो खोटा आहे. खाजनाने पिढ्यान् पिढ्या दोन्ही दिलंय, ओहोटीची मासळी आणि पावसाळी भात. प्रश्न दार कुणाच्या हुकमाने चालतं हा आहे. दुसरी, अफाट आकडे. ‘लाखो शेतकरी उद्ध्वस्त’ म्हटलं की पाच मिनिटं कमावलेली पत एका वाक्यात जाते. तीन कुणगे खारावले एवढंच पुरतं. तिसरी, वाट न दाखवता भीती घालणं. भीती वाटली आणि करण्यासारखं काहीच दिसलं नाही तर माणूस कान मिटतो. म्हणून शेवटी पाचर निघाली पाहिजे. दार ओहोटीला उघडलं पाहिजे आणि शेतातलं खारं पाणी थोडं तरी बाहेर जाताना दिसलं पाहिजे. सगळं भात वाचलं असं मात्र दाखवू नका, ते खरं नाही.

आणि गर्दीचा दाखला. ‘सगळा गाव म्हणतो’ हे पुरावा म्हणून वापरू नये, पण पात्राच्या तोंडी चालतं. अन्योक्ती जरूर शिकवा: मानसवाल्याला थेट न बोलता म्हातारी बांधातल्या खेकड्याला बोल लावते, ‘तुला घर मिळालं, आमचं शेत गेलं.’ ज्याला लागायचं त्याला लागतं.

नवशिकी

देव बरें करूं! दोन व्यावहारिक गोष्टी विचारते. शब्द किती लिहायचे? आणि संवादात कोकणी चालेल का?

रंगपीठ

सभागृहात मिनिटाला साधारण १०० शब्द धरा. म्हणजे ६०० नाही, ५४० लिहा, उरलेलं थांबण्यासाठी. मानशीची ओळख ८० शब्दांत संपवा, ओंजळींचा प्रसंग आणि शेवटची समोरासमोर मिळून निम्मे शब्द घेऊ द्या. ‘पाण्याला दार कळतं’ नंतर मुलाने मनात तीन अंक मोजून मगच नमस्कार करावा. तालमीत एकदा ही शेवटची ओळ न म्हणता थांबवा आणि ऐकणाऱ्यांना विचारा, ती आता काय म्हणेल. कुणीच जवळपास येत नसेल तर पहिल्या मिनिटातली ओळ ऐकू गेलेली नाही. सगळेच अचूक सांगत असतील तर ती मधेही कुठेतरी जास्तीची आली आहे, शोधून काढा.

कोकणी संवाद चालतो, निवेदन मराठीत एकसुरी ठेवून. एका संवादात एकदोन शब्द पुरे, आणि अर्थ आजूबाजूच्या वाक्यातून कळला पाहिजे. थांबून अर्थ सांगायला लागलं की तो शब्द काढा.

ओवीकार

शेवटचं, ‘मानस’ शब्दाबद्दल. घाटावरचे परीक्षक असतील तर त्यांना हा शब्द ‘मन’ असा ऐकू येईल, म्हणून पहिल्या वीस सेकंदांत दार आणि पाणी डोळ्यासमोर आणा. श्लेष करायचा मोह होईल, पण तो फक्त मूळ रूपात टिकतो. विभक्ती लागली की मनाचं ‘मानसाचं’ होतं आणि दाराचं ‘मानशीचं’. गोष्टीत शब्द जवळजवळ दरवेळी ‘मानशीवर’, ‘मानशीच्या’ असाच येतो. तेव्हा शीर्षकात एकदाच, एकटा ‘मानस’ ठेवा आणि आत श्लेषाला हात लावू नका.